गुंडी लावायला किती दिवस लागतात?

विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, असे सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. लग्नकार्यात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत, सर्वत्र तोच अनुभव. आवाज एकदम मृदू होतो आणि ठरलेली दोन वाक्ये येतात : "फार पुण्याचं काम करता हो तुम्ही," आणि "आम्हाला नाही बाई जमणार एवढा पेशन्स." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून कोणी वाद घालत नाही. परंतु बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर बावीस वर्षे काढल्यानंतर या दोन्ही वाक्यांविषयी थोडे बोलावे असे मला वाटते. एखादे काम पुण्याचे ठरले की त्याला प्रशिक्षण लागते हे लोक विसरतात, आणि ते करणाऱ्याने वेतनाविषयी बोलणे अप्रशस्त ठरते. हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही आपण पुण्यवान म्हणतो. पण आधी त्यांची पदवी पाहतो.

पेशन्सचेही तसेच. पुढे काय करायचे हे ज्याला ठाऊक नसते, त्याचा धीर लवकर सुटतो. ज्याला ठाऊक असते, त्याला धीर धरण्याचे फारसे कष्ट पडत नाहीत. भाकरी थापणाऱ्या बाईला पाहून आपण तिच्या सहनशीलतेचे कौतुक करत नाही. तिच्या हाताचे करतो. विशेष शिक्षकाचे कामही हाताचे आणि डोळ्यांचे आहे, आणि ते शिकता येते.

या विद्येचा इतिहास आपल्या घरांच्या वाटतो त्याहून जवळचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी किंवा नातवंडांनी बालवाडीत रंगीत ठोकळे, खाचेत बसणारी लाकडी नळकांडी, गुंड्या लावण्याच्या चौकटी हाताळल्या असतील. ही मॉन्टेसरी पद्धत हुशार मुलांसाठी निघाली असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर होत्या, आणि रोममध्ये 1900 च्या सुमारास त्या ज्या मुलांना शिकवीत होत्या ती मुले बौद्धिकदृष्ट्या अक्षम म्हणून शाळांबाहेर राहिलेली होती. त्यांनी आधार घेतला तो इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांचा. इतार यांनी 1801 च्या आसपास जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला. सेगँ यांनी तोच धागा पुढे नेला. या मुलांना जे उपयोगी पडले ते इतर मुलांनाही पडेल, या विचारातून 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मॉन्टेसरींचे पहिले बालगृह उघडले. पुढे ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी या विचाराला आपल्या मातीचे रूप दिले. म्हणजे विशेष शिक्षणाने सर्वसाधारण शिक्षणाला दिलेले हे देणे आहे. उलट दिशेचा व्यवहार मात्र अजून पुरता सुरू झालेला नाही.

आपल्याकडे या शाळा बहुधा पालकांनीच उभ्या केल्या. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी 1944 साली सुरू केलेली शाळा आज जय वकील या नावाने ओळखली जाते. मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने बाधित झालेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने 1972 मध्ये मुंबईत काम आरंभले. नाशिकला रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये 'प्रबोधिनी'ची स्थापना केली, तीही आपल्या मुलामुळे. पर्याय नव्हता म्हणून आईवडील शिक्षक झाले. आज पर्याय आहे तो प्रशिक्षित शिक्षकाचा, आणि तो कसा घडतो हे वाचकांना ठाऊक असावे.

बारावीनंतर विशेष शिक्षणातील पदविका किंवा पदवीनंतर विशेष बी.एड. असे दोन रूढ मार्ग आहेत. दोन्ही दोन वर्षांचे. अभ्यासक्रम अक्षमतेनुसार वेगळे असतात. दृष्टिबाधितांना ब्रेल शिकवणारा, कर्णबधिरांना भाषा देणारा आणि बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांबरोबर काम करणारा, या तिघांची हत्यारे निराळी. अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असणे आणि तो पूर्ण झाल्यावर परिषदेच्या नोंदवहीत आपले नाव चढवणे आवश्यक असते. 1992 च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली. अभ्यासक्रमांच्या रचनेत अधूनमधून बदल होतात, म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेची मान्यता चालू वर्षासाठी आहे ना, हे परिषदेच्या यादीत पाहून घ्यावे. पालकांनीही आपल्या मुलाच्या शिक्षकाचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. डॉक्टरांच्या भिंतीवर प्रमाणपत्र असतेच ना?

प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवतात ती पाहण्याची. नवे मूल आले की आमच्या हाती एक तपासणीसूची असते. मद्रासमध्ये 1975 च्या सुमारास तयार झालेली अशी एक सूची आजही वापरात आहे : अठरा विभाग, प्रत्येकात वीस बाबी, एकूण 360. मूल पेल्याने पाणी पिते का, चप्पल योग्य पायात घालते का, हाक मारल्यावर वळते का, दोन वस्तूंतून एक निवडते का. 'येत नाही' असा शेरा लिहून थांबता येत नाही. कुठवर येते आणि कुठे अडते हे लिहावे लागते. आई सांगते, "याला काहीच येत नाही हो," आणि सूची भरून झाली की त्याच मुलाच्या नावावर सत्तर-ऐंशी गोष्टी जमा झालेल्या असतात. पुष्कळ आया या कागदाकडे पाहून पहिल्यांदा सैल बसतात.

आता गुंडीची गोष्ट. सदऱ्याची गुंडी लावणे ही आपल्या दृष्टीने एक क्रिया आहे. शिक्षकाच्या दृष्टीने त्या सहा आहेत : एका हाताने काजाची कड धरणे, दुसऱ्या हाताच्या चिमटीत गुंडी पकडणे, ती कडेवर उभी करणे, काजात सरकवणे, पलीकडून चिमटीत धरणे आणि ओढून बाहेर काढणे. या फोडणीला कार्य-विश्लेषण म्हणतात. सर्वसाधारणपणे आपण पहिल्या पायरीपासून शिकवू लागतो आणि मूल तिसऱ्या पायरीवर कंटाळते, कारण यश फार दूर असते. म्हणून आम्ही बरेचदा उलटे चालतो. पाच पायऱ्या बाईंनी करायच्या, अर्धी बाहेर आलेली गुंडी मुलाने फक्त ओढायची. गुंडी लागली! टाळी. दुसऱ्या दिवशीही तेच. ते पक्के झाले की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. या उलट्या साखळीत प्रत्येक प्रयत्न पूर्णत्वाने संपतो आणि ते पूर्णत्व मुलाच्याच हातून होते.

आधी जाड कापडावरची मोठी, कोटाची गुंडी, काज सैल. मग लहान. मग चौकटीवरून अंगावर. इथे नवा पेच येतो, कारण टेबलावरची गुंडी समोरून दिसते आणि अंगावरची वरून. चौकटीवर तरबेज झालेले मूल स्वतःच्या सदऱ्यापाशी पुन्हा अडखळते. माझ्या वर्गातील नऊ वर्षांच्या एका मुलाला या सगळ्याला चार महिने लागले. शीर्षकातील प्रश्नाचे माझ्याकडे असलेले हे एक उत्तर. त्याच वर्गातील दुसऱ्या मुलीला तीन आठवडे पुरले.

परंतु शाळेत गुंडी लागली म्हणजे घरी लागली असे नव्हे. या मुलांच्या बाबतीत एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. शिवाय घरी आजी असते. सकाळी सात चाळीसला शाळेची गाडी दारात येते, डबा भरायचा असतो, आणि आजीचा हात आपसूक पुढे होतो. त्या हातात माया असते. तिला 'तुम्ही त्याला परावलंबी करता' असे सुनावणारा शिक्षक दुसऱ्या दिवसापासून त्या घराचा राहत नाही. आम्ही आजींनाच शाळेत बोलावले. नातू गुंडी ओढतो आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मग ठरले, रोज वरच्या चार गुंड्या आजींच्या, सगळ्यात खालची नातवाची. रविवारी गाडी नसते, त्या दिवशी पाचही त्याच्या. दोन महिन्यांनी आजी म्हणाल्या, "आता मला हात लावू देत नाही मेला." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, पण शेजारणीलाही सांगून आल्या होत्या.

वर्तन काय सांगते?

आरोग्याशी या शिक्षणाचे नाते किती निकटचे आहे, ते दुसऱ्या एका मुलामुळे स्पष्ट होईल. अकरा वर्षांचा, न बोलणारा हा मुलगा अचानक स्वतःच्या डाव्या गालावर चापट्या मारू लागला. घरी हट्ट समजून आधी रागावून झाले. नात्यातल्या कोणी अंगारा आणून लावला. शाळेत आम्ही वही केली. तीन रकाने : आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाले. वेळेसह. दहा दिवसांच्या नोंदींत दिसले की चापट्या बहुतेक वेळा डबा खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात सुरू होतात, आणि ज्या दिवशी डब्यात गूळपोळी किंवा शिकरण असे त्या दिवशी अधिक. सोमवारी, सुटीनंतर शाळेचा कंटाळा म्हणून, असे काही नव्हते. मग दंतवैद्य.

दाढ किडलेली होती. पण ती पाहायची कशी? अनोळखी खुर्ची, डोळ्यांवर दिवा, तोंडात लोखंडी वस्तू. या मुलाला धरून ठेवूनच तपासावे लागले असते. दंतवैद्यांकडून आम्ही एक छोटा आरसा मागून आणला. वर्गात आरामखुर्ची मांडली, बॅटरी घेतली, आणि सलग आठ दिवस 'तोंड उघड, दहा आकडे, बंद' हा खेळ खेळलो. चित्रांची पट्टी केली : गाडी, दवाखाना, खुर्ची, दिवा, घर. नवव्या दिवशी आईच्या मांडीशेजारी तो त्या खुर्चीत बसला. उपचार पूर्ण व्हायला आणखी तीन भेटी लागल्या, आणि चापट्या थांबल्या. न बोलणाऱ्या मुलाचे वागणे एकाएकी बदलले तर कान, दात, पोट आणि बद्धकोष्ठ ही चार ठिकाणे आधी तपासावीत, मग स्वभावाकडे वळावे, असे मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

वर्गात अपस्माराचा झटका येणे हेही आमच्या कामातले नित्याचे आहे. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये; हातपाय दाबून धरू नयेत; कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला किंवा एकामागून एक येऊ लागला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. हे ज्ञान खरे तर प्रत्येक घरात असावयास हवे.

मुलीची आई

आमच्याकडे मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आईचा चेहरा बदलू लागतो. पाळी. काही आया दार लावून घेतात आणि मग विचारतात, "बाई, पिशवी काढून टाकली तर? डॉक्टर करतील ना?" हा प्रश्न क्रूर आहे असे मला कधी वाटले नाही, तो दमलेला आहे. मुलीला रक्ताची जाणीव नाही, ती कपडा काढून फेकते, चारचौघांत कपडे वर करते, आणि आई साठीला पोचली की हे कोणी करायचे? 1994 मध्ये पुण्यात शासकीय निवासी संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून मोठा वाद झाला होता. त्या वेळी बाजू घेणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद स्वच्छतेचा होता : या मुलींना पाळीची निगा शिकवता येत नाही. आज कायदा स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार, दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. पण कायद्याने आईची रात्र हलकी होत नाही. 'शिकवता येत नाही' या विधानाला उत्तर द्यायचे असेल तर ते शिकवूनच द्यावे लागते.

आम्ही पाळी येण्याच्या आधी, शक्य तर वर्षभर आधी, आरंभ करतो. आतल्या कपड्यावर पॅडची बाह्यरेषा पेनाने आखून घेतो, म्हणजे चिकटवायचे कुठे हे दिसते. प्रथम मोठ्या बाहुलीवर सराव. मग कोरडे पॅड लावून अर्धा तास बसायचे, मग एक तास. अंगाला त्याची सवय झाली की फेकून देण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. लाल रंगाचे पाणी टाकून 'बदलायचे' आणि 'अजून चालेल' यांतला फरक. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून ठरलेल्या डब्यात. भिंतीवर कॅलेंडर आणि लाल टिकल्या. आणि सर्वांत अवघड भाग : हे बंद दाराआड करायचे, आई, आजी आणि बाई यांच्याशीच बोलायचे. 'खासगी' हा शब्द शिकवायला आम्हाला इतर सर्व पायऱ्यांपेक्षा अधिक काळ लागतो. तोच शब्द पुढे तिला अनाहूत स्पर्शापासूनही जपतो, म्हणून त्यावर घालवलेला वेळ मी कधी मोजत नाही.

एका मुलीला यासाठी चौदा महिने लागले. तिची आई हाच प्रश्न घेऊन आली होती. चौदा महिन्यांनी ही मुलगी स्वतः पॅड बदलत होती. धुण्यापुसण्यात थोडी मदत लागे, ती अजूनही लागते. त्या मे महिन्यात तिची आई भावाकडच्या लग्नाला माहेरी गेली, चार दिवस, मुलीला आत्याजवळ ठेवून. आठ वर्षांत ती एक रात्रही घराबाहेर राहिलेली नव्हती. परतल्यावर तिने शाळेत लाडूंचा डबा आणून दिला आणि शस्त्रक्रियेचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. या नोकरीत समाधान कशाचे, असे कोणी विचारले तर मला हा डबा आठवतो. चमत्कार पाहण्याच्या आशेने या क्षेत्रात येणारी माणसे दोन वर्षांत निघून जातात. हेलन केलर आणि ॲन सलिव्हन यांच्या कथेतला पाण्याच्या पंपापाशी उमगलेला शब्द सर्वांना माहीत असतो. त्याआधी सुमारे महिनाभर रोज तळहातावर लिहिलेली अक्षरे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आमचे आयुष्य त्या महिन्यात जाते, आणि त्यात गोडी आहे. मोजमाप बारीक केले की प्रगती दिसू लागते, आणि ती एकदा दिसू लागली की माणूस घड्याळ पाहत नाही.

कठीण बाजू

हे सांगून झाल्यावर दुसरी बाजू झाकणे योग्य नव्हे. अनेक संस्थांत नेमणुका कंत्राटी असतात, विनाअनुदानित शाळांत वेतन तुटपुंजे आणि कधी उशिरा मिळणारे असते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या पाच मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले; प्रत्यक्षात अनेक वर्ग याहून भरलेले असतात. सर्वसाधारण शाळांत सामावून घेतलेल्या मुलांसाठी फिरता विशेष शिक्षक असतो, त्याच्या वाट्याला अनेक गावे येतात. कंबर दुखते. मोठ्या वयाच्या मुलाला स्वच्छतागृहात आधार देताना मनगट मुरगळते. मूल उचलताना गुडघ्यात वाकावे, कमरेत नव्हे, हे फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी सांगतात आणि घाईच्या वेळी ते कोणी पाळत नाही. आणि अठरा वर्षे झाली की आपले विद्यार्थी शाळेतून जातात. मग काही कार्यशाळेत जातात, पुष्कळ घरी बसतात. चार वर्षे शिकवलेले नाणी ओळखणे वापराविना पुसले जाते, आणि ते रस्त्यात भेटल्यावर कळते. याची सवय होत नाही.

पालकांसाठी येथेच दोन कामाच्या गोष्टी नोंदवते. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना असून तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अर्जाची तयारी मूल सतराचे असतानाच करावी.

ज्या घरात एखाद्या मुलीने किंवा मुलाने (मुलगे फार कमी येतात, आणि मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी पुरुष शिक्षकांची नितांत गरज आहे) विशेष शिक्षक व्हायचे ठरवले असेल, त्यांनी प्रवेशअर्ज भरण्याआधी जवळच्या विशेष शाळेत परवानगी घेऊन आठ दिवस बसून यावे. पहिले दोन दिवस कोणाला शिकवायला जाऊ नये. एकच मूल निवडावे आणि ते डबा कसा उघडते एवढेच पाहून लिहावे : झाकण कोणत्या हाताने धरले, कुठे अडले, कोणाकडे पाहिले, मदत किती वेळाने मागितली. तिसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या नोंदी पुन्हा लिहाव्यात आणि आधीच्या पानाशी ताडून पाहाव्यात. दोन पानांत काही फरक सापडला आणि तो वर्गशिक्षिकेला सांगावासा वाटला, तर अर्ज भरावा. बाईही कामात असतील; त्यांना मधल्या सुटीत गाठावे.